पोस्टाने विमान शिकलेला जनरल

राइट बंधू आपल्याला शाळेपासून पाठ असतात. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक, बारा सेकंदांचं उड्डाण, झालं! पण व्हायवाला पुढचा प्रश्न आला तर भलेभले गप्प बसतील. या बंधूंनी अमेरिकेच्या लष्कराला जे पहिलं विमान विकलं, ते पुढे चालवलं कुणी? लष्करात तर तेव्हा वैमानिक नावाची जातच अस्तित्वात नव्हती.

त्या माणसाचं नाव बेंजामिन फुलॉय. तो साधा शिपाई म्हणून लष्करात आला आणि मेजर जनरल होऊन, सगळ्या हवाई दलाचा प्रमुख म्हणून बाहेर पडला. बिली मिचेल, डूलिटल वगैरे मंडळींवर भरपूर लिहून झालंय, फुलॉयवर आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. मला मात्र आपल्या लोकांसाठी तोच जवळचा वाटतो. कारण त्याचं निम्मं आयुष्य म्हणजे जुगाड, आणि उरलेलं निम्मं म्हणजे जुगाड कुठे थांबवावा याचा धडा. तो धडा फार महागात पडला, आणि त्याला एकट्याला नाही.

प्लंबरचा पोरगा

फुलॉयचा जन्म ९ डिसेंबर १८७९ चा, कनेक्टिकट राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावातला. वडील फ्रान्सहून आलेले, धंदा पाइप फिटिंगचा. पोरगाही शाळा सोडून त्याच धंद्यात उमेदवारी करू लागला. म्हणजे पाना, पाइप आणि आटे यांची ओळख लहानपणीच झाली. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं तेव्हा वय कमी पडत होतं, म्हणून पठ्ठ्या मोठ्या भावाच्या नावावर भरती झाला. पोर्टो रिको आणि फिलिपिन्स इथे नोकरी केली आणि १९०१ मध्ये अधिकारी झाला.

पुढे त्याची रवानगी सिग्नल कोअरच्या शाळेत झाली. तिथे १९०७ च्या सुमारास त्याने प्रबंध लिहिला, विषय होता युद्धात हवाई जहाजांचा आणि उडत्या यंत्रांचा उपयोग. पुढच्या युद्धात जमिनीवरची लढाई सुरू होण्याआधी आकाशात लढाई होईल आणि टेहळणीसाठी घोडदळाची जागा विमान घेईल, असं त्याने त्यात लिहिलं. लक्षात घ्या, तेव्हा लष्कराकडे एकही विमान नव्हतं. आपल्या सेमिनारचे विषय आठवून पाहा म्हणजे फरक कळेल.

करारातली गंमत

लष्कराने राइट बंधूंशी केलेला करार प्रत्येक इंजिनिअरने वाचावा असा आहे. विमान दोन माणसं घेऊन उडालं पाहिजे, तासभर हवेत राहिलं पाहिजे आणि ताशी ४० मैल वेग गाठला पाहिजे. तसं झालं तर २५,००० डॉलर. वेग ४० च्या वर गेला तर प्रत्येक मैलाला २,५०० डॉलर जादा. कमी पडला तर कपात!

१९०८ च्या चाचण्यांत मोठा घात झाला. १७ सप्टेंबरला प्रोपेलर तुटून विमान कोसळलं, ऑर्व्हिल राइट जबर जखमी झाला आणि सोबतचा लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला. विमान अपघातात गेलेला हा जगातला पहिला माणूस. तरी पुढच्या वर्षी ऑर्व्हिल नवं विमान घेऊन पुन्हा आला. ३० जुलै १९०९ ला शेवटची वेगचाचणी होती, फोर्ट मायर ते अलेक्झांड्रिया आणि परत, एकूण दहा मैल. सोबत मार्ग दाखवायला ऑर्व्हिलने फुलॉयला निवडलं. कारण काय? तो नकाशा चांगला वाचायचा आणि अंगाने लहानसर, वजनाला हलका होता! वजन कमी म्हणजे वेग जास्त, साधं गणित. सरासरी वेग निघाला ताशी साडेबेचाळीस मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर. बंधूंना दोन पूर्ण मैलांचे ५,००० डॉलर जादा मिळाले आणि लष्कराने ३०,००० डॉलरला जगातलं पहिलं लष्करी विमान विकत घेतलं.

एक विमान, एक वैमानिक

त्यानंतर विल्बर राइटने कॉलेज पार्क इथे अधिकाऱ्यांना शिकवायला सुरुवात केली. फुलॉय तेव्हा फ्रान्समधल्या एका परिषदेला गेलेला, त्यामुळे त्याचा नंबर शेवटी लागला. सुमारे तीन तास शिकवणी झाली. एकट्याने उडणं राहिलंच होतं, तोवर दुसऱ्या दोघांनी विमान आपटलं आणि हंगाम संपला. ते दोघे वैमानिक आपापल्या मूळ तुकड्यांत परत गेले. उरला फक्त फुलॉय.

मग त्याला हुकूम मिळाला. विमान घेऊन टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला जा, भरपूर सुटे भाग बरोबर ने आणि स्वतःच उडायला शीक. हा काही विनोद नव्हे, खरोखरच असा हुकूम होता. खोक्यांत भरलेलं विमान घेऊन तो फेब्रुवारी १९१० मध्ये फोर्ट सॅम ह्यूस्टनला पोचला.

हे यंत्र कसं होतं ते थोडं डोळ्यांसमोर आणा. लाकूड आणि कापड यांचे एकावर एक दोन पंख. वैमानिकाने खालच्या पंखावर उघड्यावर बसायचं. शेजारी चार सिलिंडरचं इंजिन, ताकद तीसेक हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी. इंजिनाची ताकद साखळ्यांनी दोन प्रोपेलरपर्यंत जायची. आजच्यासारखे एलेरॉन नव्हते, तोल सांभाळायला तारांनी पंखांची टोकंच पिळायची. चाकंही नव्हती. विमान लाकडी रुळावर ठेवायचं, मागे उभारलेल्या मनोऱ्यावरून जड वजन खाली सोडायचं आणि त्या दोरीच्या ओढीने विमान पुढे फेकलं जायचं. थोडक्यात गलोलच!

२ मार्च १९१० ला सकाळी फुलॉय पहिल्यांदा एकटा उडाला. त्या दिवशी त्याने चार उड्डाणं केली. पुढे तो स्वतःच सांगायचा की माझं पहिलं एकट्याचं उड्डाण, पहिलं उतरणं आणि पहिला अपघात हे सगळं एकाच दिवशी उरकलं. मग सुरू झाला पत्रव्यवहार. विमान वळताना असं झालं, उतरताना तसं झालं, तर काय करू? त्याने ओहायोतल्या डेटनला राइट बंधूंना लिहायचं, त्यांनी उत्तर पाठवायचं, याने ते वाचून पुन्हा उडायचं. उड्डाणाचा पोस्टल कोर्स! आपल्याला प्रॅक्टिकलला सर शेजारी उभे असतानाही घाम फुटतो.

आता पैशांचं ऐका. वर्षभराच्या पेट्रोलला आणि दुरुस्तीला सरकारने दिले होते दीडशे डॉलर. ते कधीच संपले. पुढचा खर्च या लेफ्टनंटने आपल्या पगारातून केला, सुमारे तीनशे डॉलर.

त्याचे दोन जुगाड मात्र इतिहासात जाऊन बसले. एकदा झोताने विमान असं उसळलं की फुलॉय जागेवरून उडून बाहेर पडता पडता वाचला. तो थेट छावणीत खोगिरं बनवणाऱ्यांकडे गेला, चारेक फुटांचा चामडी पट्टा करून घेतला आणि स्वतःला जागेशी बांधून उडू लागला. हाच लष्करी विमानातला पहिला सीटबेल्ट मानतात. दुसरी गोष्ट चाकांची. रूळ, मनोरा, वजन आणि ते ओढायला दहा माणसं या सगळ्याचा त्याला वैताग आला. ऑलिव्हर सिमन्स नावाच्या मेकॅनिकच्या मदतीने त्याने शेतीच्या अवजाराची चाकं विमानाला बसवली. दिसायला ही फार मोठी गोष्ट नाही, पण परिणाम मोठा. रुळावरचं विमान रुळापुरतंच असतं, चाकांचं विमान कुठल्याही सपाट मैदानावरून उडू शकतं.

सुमारे सव्वा वर्ष अमेरिकेचं सगळं हवाई बळ म्हणजे हे एक विमान आणि हा एक वैमानिक. मार्च १९११ मध्ये एका मासिकाच्या मालकाने, रॉबर्ट कॉलियरने, आपलं नवं राइट विमान लष्कराला महिना एक डॉलर भाड्याने दिलं. त्यातून फुलॉय आणि राइट कंपनीचा वैमानिक पार्मली यांनी ३ मार्चला लारेडो ते ईगल पास हे १०६ मैलांचं, म्हणजे सुमारे १७० किलोमीटरचं उड्डाण केलं. येताना विमान रिओ ग्रांडे नदीत पडलं ते वेगळं, दोघे सुखरूप निघाले. त्याच महिन्यात अमेरिकन संसदेने विमानांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र पैसे मंजूर केले, सव्वा लाख डॉलर. ते पहिलं तारा बांधलेलं विमान त्याच वर्षी निवृत्त होऊन स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं. आजही ते तिथेच आहे.

मेक्सिकोची परीक्षा

१९१६ मध्ये पांचो व्हियाच्या टोळीने अमेरिकेच्या हद्दीत कोलंबस गावावर हल्ला केला. त्याला पकडायला जनरल पर्शिंग मेक्सिकोत शिरले आणि त्यांच्या मदतीला गेलं फर्स्ट एअरो स्क्वाड्रन. प्रमुख, कॅप्टन फुलॉय. विमानं आठ, सगळी कर्टिस जेएन-३, इंजिन ९० हॉर्सपॉवरचं.

आता आपल्या विषयाचं बोलू. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर हवेची घनता साधारण पाऊण पटच उरते. विमानाला ही मार तीन बाजूंनी बसते. इंजिनात प्रत्येक स्ट्रोकला कमी हवा जाते म्हणून ताकद घटते. प्रोपेलरला रेटायला हवा पातळ मिळते म्हणून ओढ घटते. पंखांवरची उचलही घनतेच्या प्रमाणात कमी होते म्हणून तरंगायलाच जास्त वेग लागतो. सिएरा माद्रेची शिखरं तीन हजार मीटरच्या वर आणि इंजिन आधीच अशक्त. डोंगर ओलांडणं जमेचना. त्यात वाळवंटातल्या कोरड्या उन्हाने लाकडी प्रोपेलरचे डिंकाने चिकटवलेले थर सुटायला लागले. प्रोपेलर ओलसर पेटीत ठेवायचे आणि उड्डाणाच्या वेळी बाहेर काढायचे, अशी पाळी आली.

माणसांचा त्रास आणखी वेगळा. एप्रिलमध्ये निरोप घेऊन चिवावा शहरात उतरलेल्या फुलॉयला तिथल्या पोलिसांनी तुरुंगातच टाकलं. इकडे जमलेल्या गर्दीने विमानाच्या कापडाला सिगारेटने भोकं पाडली. तिथल्या लष्करी गव्हर्नरने मध्ये पडून त्याची सुटका केली.

महिनाभरात आठांपैकी दोनच विमानं कामाची उरली. पण एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. या मोहिमेत स्क्वाड्रनमधला एकही वैमानिक मेला नाही. विमान उडू शकत नसेल तर ते उडू शकत नाही असंच फुलॉयने वर कळवलं आणि जास्त ताकदीची विमानं मागितली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने हवाई विभागाला १ कोटी ३० लाखांहून जास्त डॉलर दिले. अपयशाचा खरा अहवालही कामाचा असतो. आपल्या जर्नलमध्ये रीडिंग जुळवून लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

जनरल फुलॉय

पहिल्या महायुद्धाने त्याला एकदम वर नेलं. १९१७ च्या ६४ कोटी डॉलरच्या विमान योजनेच्या मसुद्यात त्याचा हात होता, आणि त्याच वर्षी तो तात्पुरता ब्रिगेडियर जनरल झाला. नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये हवाई विभागाचा प्रमुख म्हणून पोचला तेव्हा मात्र भांडणं सुरू झाली. आधीपासून तिथे असलेल्या बिली मिचेलला ही वॉशिंग्टनहून आलेली मंडळी अजिबात आवडली नाहीत. शेवटी पर्शिंग यांनी दोघांच्या डोक्यावर मेसन पॅट्रिक या इंजिनिअर अधिकाऱ्याला बसवलं. फुलॉयचा मोठेपणा असा की पुढे लढाऊ तुकड्यांची जागा मिचेललाच द्या, अशी शिफारस त्याने स्वतः केली.

युद्ध संपल्यावर त्याची रँक पुन्हा खाली आली. काही वर्षं त्याने बर्लिनच्या वकिलातीत जर्मन विमानविद्येची माहिती गोळा करण्यात घालवली. डिसेंबर १९३१ मध्ये तो मेजर जनरल आणि एअर कोअरचा प्रमुख झाला. ज्याच्याकडे एकेकाळी एक विमान होतं, त्याच्या हाताखाली आता शेकडो होती.

फेब्रुवारी १९३४

इथून पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

तेव्हा अमेरिकेत टपाल नेण्याचं कंत्राट खाजगी विमान कंपन्यांकडे होतं. कंत्राटांत घोटाळा झाल्याचा आरोप झाला. ९ फेब्रुवारी १९३४ ला टपाल खात्याने फुलॉयला बोलावून विचारलं, कंपन्यांची कंत्राटं रद्द केली तर लष्कर टपाल नेईल का? फुलॉय म्हणाला, होय, आठ-दहा दिवसांत तयारी करतो. त्याच दिवशी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कंत्राटं रद्द केल्याचं जाहीर केलं. १९ फेब्रुवारीपासून लष्कराने काम सुरू करायचं ठरलं.

त्याचं 'होय' समजण्यासारखं आहे. ज्याने दीडशे डॉलरमध्ये हवाई दल चालवलं, त्याला नाही म्हणायची सवय कुठून असणार? मिळेल ते घ्या, बसेल ते बसवा, उडा. चोवीस वर्षांपूर्वी हेच तर जमलं होतं.

पण टपाल रात्री न्यायचं होतं, भर हिवाळ्यात, बर्फाच्या वादळांतून. लष्कराच्या बऱ्याच विमानांत वैमानिक उघड्यावर बसायचा. दिवसा स्वच्छ हवेत उडायची सवय असलेले पोरगेलेसे वैमानिक, त्यांतल्या फारच थोड्यांना रात्री किंवा ढगात उडण्याचा अनुभव.

ढगात काय होतं ते सांगतो. आपला तोल डोळे आणि कानातला द्रव दोघे मिळून सांभाळतात. डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की उरतो फक्त कान, आणि कान फसतो. विमान हळूहळू वळत राहिलं तर काही वेळाने कानातला द्रव स्थिर होतो आणि आपण सरळ चाललो आहोत असंच वाटतं. प्रत्यक्षात विमान कलंडून खाली निघालेलं असतं. सरळ करायला गेलं तर उलट्या बाजूला कलल्याचा भास होतो. यावर उपाय एकच, शरीरावर विश्वास ठेवायचा नाही, उपकरणावर ठेवायचा. फिरता जायरोस्कोप आपला अक्ष सोडत नाही, त्यावर कृत्रिम क्षितिज चालतं. जिमी डूलिटलने १९२९ मध्येच सगळं झाकलेल्या कॉकपिटमधून केवळ उपकरणांवर उडून आणि उतरून दाखवलं होतं. म्हणजे विद्या होती. उपकरणंही होती, पण बरीचशी डेपोच्या फळ्यांवर! काही विमानांत घाईघाईने जिथे जागा मिळाली तिथे ती बसवली, पण ती वाचायची कशी हे हाताला बसायला आठवडा पुरत नाही.

काम सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १६ फेब्रुवारीला, सरावातच तीन वैमानिक गेले. १८ तारखेच्या रात्री विमान कंपनीच्या लोकांनी जखमेवर मीठ चोळलं. एडी रिकनबॅकर आणि जॅक फ्राय यांनी टपालाची शेवटची खेप घेऊन नवं कोरं डग्लस डीसी-१ कॅलिफोर्नियातून नेवार्कपर्यंत सुमारे तेरा तासांत नेलं. हेच रिकनबॅकर लष्करी टपालाला कायदेशीर खून म्हणाले.

मार्चमध्ये रूझवेल्ट यांनी फुलॉयला बोलावून फैलावर घेतलं, उड्डाणं काही दिवस बंद राहिली. १ जूनपर्यंत काम पुन्हा कंपन्यांकडे गेलं. हिशेब निघाला ६६ अपघातांचा आणि १२ मृत्यूंचा.

मरणातून आलेली उपकरणं

या धक्क्याने सरकार जागं झालं. चौकशी समिती बसली, ढगात आणि रात्री उडण्याच्या शिक्षणावर भर आला. एड लिंक नावाच्या माणसाने आपल्या वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून जमिनीवर ठेवायचं नकली विमान बनवलं होतं. इतकी वर्षं लष्कराने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जून १९३४ मध्ये लष्कराने त्यातली सहा घेतली. आजच्या सगळ्या फ्लाइट सिम्युलेटरचा हाच आजोबा. लांब पल्ल्याच्या बाँबर विमानांचा आग्रहही फुलॉयने सोडला नाही. पुढे बी-१७ म्हणून गाजलेलं बोइंगचं विमान जुलै १९३५ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत पहिल्यांदा उडालं.

त्याची स्वतःची मात्र सुटका झाली नाही. विमानखरेदीत नियम मोडले आणि संसदेला दिशाभूल करणारी विधानं केली, असे ठपके संसदेच्या समितीने ठेवले आणि त्याला काढा म्हणून मागणी केली. युद्धमंत्र्यांनी काढलं नाही, पण लेखी कानउघाडणी केली. ३१ डिसेंबर १९३५ ला तो निवृत्त झाला. २५ एप्रिल १९६७ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी तो गेला. त्याला त्याच्या जन्मगावीच पुरलं आहे. तोवर माणूस अंतराळात जाऊन आला होता.

मला काय वाटतं

काही जण म्हणतील की १९१० चा फुलॉय शूर आणि १९३४ चा बेफिकीर. मला तसं वाटत नाही. माणूस तोच, स्वभाव तोच, तयारीसुद्धा तशीच अपुरी. बदललं ते इतकंच की १९१० मध्ये पट्टा त्याच्या स्वतःच्या कमरेला होता. काही चुकलं असतं तर तोच पडला असता, म्हणून प्रत्येक पत्राचं उत्तर तो नीट वाचत होता. १९३४ मध्ये 'होय' त्याने टेबलावर म्हटलं आणि बर्फात उडायला गेली दुसऱ्यांची पोरं. मेक्सिकोत यंत्र उडणार नाही हे त्याने सांगितलं होतं, कारण ती यंत्रं तो रोज स्वतः पाहत होता. वॉशिंग्टनच्या खुर्चीतून डेपोच्या फळीवर पडलेली उपकरणं दिसत नाहीत.

आपल्यापैकी बहुतेक जण उद्या कुठल्या ना कुठल्या साइटवर, प्लँटवर उभे राहतील. हॉस्टेलवर वायरला वायर जोडून हीटर चालवणाऱ्या मंडळींना जुगाड शिकवायची गरज नाही, तो आपल्या रक्तात आहे आणि मला त्याचं कौतुकही आहे. पण पुढे साहेब विचारतील, आठ दिवसांत होईल का? तेव्हा 'होईल सर' म्हणण्याआधी एवढंच पाहा, की ते मशीन चालवायला उद्या सकाळी कोण उभं राहणार आहे. आपण स्वतः की हाताखालचा एखादा हेल्पर? आणि हेल्पर असेल, तर त्याला गेज वाचायला कुणी शिकवलंय का?

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी